यान खालीच राहिलं

हिर्डोशीच्या स्वरूपनं हौसेनं अंतराळाचा सिनेमा काढला. बजेट एवढुसं, त्यामुळं यान थर्माकोलचं आणि अंतराळवीर शेजारचे गेनबा. भोरच्या हॉलमध्ये पहिला खेळ लागला, तर यानाची दोरी सगळ्यांना दिसली. त्यात कॉम्प्युटरवर यानाच्या खिडकीत बसवलेले गेनबा यान खालीच सोडून, हात हलवत एकटेच आभाळात गेले. लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले.

खेळ सुटल्यावर स्वरूप मान खाली घालून गेनबांच्या बायकोपुढं, चंद्राबाईंपुढं उभा राहिला.

“काकी, चुकलंच माझं. काकांचं लई हसं झालं.”

चंद्राबाईंनी पदरानं डोळे पुसले.



“हसू दे रं. शूटिंग झालं आन् मालक एकाएकी गेलं, निरोपबी घेता आला न्हाई. तेवढं हात हलवत्यात ते परत एकदा दाव.”