बायजाक्कांची चाल

अपघातात मणका दुखावला, तरी खो-खोच्या प्रशिक्षक बायजाक्का कोरे निर्धास्त होत्या. तरुणपणी त्यांनी स्वतःची चाल नोंदवून ठेवली होती. पाठीत बसवलेल्या यंत्राला ती फाईल दिली, की पाय चालणार होते. पण फाईल उघडेचना. ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती आणि फाईलच्या नावाशेवटचं 'पीडब्ल्यूएल' हे शेपूट मिरजेच्या इस्पितळात कोणालाच ओळखता येईना.

"दुसऱ्या कुणाची तरी चाल घालूया," डॉक्टर म्हणाले.

"उसन्या पायांनी मी चालायची नाही," बायजाक्कांनी ठणकावलं.

तंत्रज्ञ हेमांगीने मग नावाचा नाद सोडला आणि फाईलच्या आतली अक्षरं पडद्यावर आणली. सुरुवातीलाच ती थबकली. ही तर साध्या आवाजाच्या फाईलची खूण! कंपनीने फक्त शेपूट बदललं होतं. तिने फाईल वाजवली. डाव्या स्पीकरमधून जोरकस धप्प आलं, उजव्यातून हलकं टप्प.

"अगं, मीच ही! डावा पाय मी आपटतच टाकते!" बायजाक्का ओरडल्या.

हेमांगीने डावा आवाज डाव्या पायाला जोडला, उजवा उजव्याला. बायजाक्का कठडा धरून उभ्या राहिल्या. एक पाऊल पडलं, मग दुसरं. कठडा संपला, तरी त्या थांबल्या नाहीत.

"डॉक्टर, वाटेतून सरका!" म्हणत त्या थेट व्हरांड्यात गेल्या.