पुढचे ब्रेक

काल बाबांच्या जुन्या पिकअपखाली एक बाई येता येता वाचली. "ऊन डोळ्यांवर आलं," म्हणून त्यांनी हात झटकले.

आज दुपारी त्यांचा डोळा लागताच लेकीने पुढचं चाक उतरवलं, ब्रेकचा चिमट्यासारखा कॅलिपर सोडवून तारेने टांगला. ब्रेकची डिस्क मात्र गंजून घट्ट बसली होती. आवाज होऊ नये म्हणून हातोड्याला फडकं गुंडाळून ती ठोकत राहिली. एकदाची डिस्क निघाली आणि मागे चपला वाजल्या.

"काय चाललंय?"

"डिस्क पार झिजलीय, बाबा. नवी मिळेपर्यंत गाडी बंद."

बाबांनी चाचपडत डिस्क हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं. झीज कुठेच नव्हती. त्यांनी ती लेकीच्या हातात परत दिली.

"दुसऱ्या बाजूचीही काढ, पोरी," ते म्हणाले. "नाहीतर एका ब्रेकवर नेईन मी गाडी."