जुन्या माशाची जागा

नव्या माशाची शेपटी पुन्हा कुरतडलेली होती. शालिनीनं चष्मा पुसला आणि टाकीच्या काचेला नाक लावून पाहिलं. बोटभर लांबीचा, बुटक्या एंजल जातीचा तो निळा मासा कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होता. तेवढ्यात जुना एंजल दगडांच्या कपारीतून निघाला, त्याच्यावर तुटून पडला आणि सावकाश परत कपारीत गेला. त्याला घाई नव्हतीच. घर त्याचं होतं.

"मरेल तो," मागून नेत्रा म्हणाली. "मागं एक आणला होता, तोही असाच गेला. जुना असला की दुसऱ्याला इथं जागा नसते."

विशीतली मुलगी, पण बोलणं असं की समोरच्यानं पुढं बोलूच नये. माहेरी अळणावर गावच्या शाळेत शिकवताना शालिनीनं भलीभली द्वाड पोरं सरळ केली होती. ह्या एका मुलीपुढं मात्र तिचं काही चालायचं नाही. चाळिशी ओलांडल्यावर तिनं सुधींद्रशी लग्न केलं, हुबळीला आली, त्याला अजून महिनाही झाला नव्हता. सुधींद्रची ही मुलगी तिला आई म्हणत नव्हती, काकू म्हणत नव्हती, अक्काही नाही. हाक न मारताच काम भागवायची. शालिनीनं डबा इकडचा तिकडं ठेवला की नेत्रा यायची आणि चकार शब्द न काढता तो मूळच्या जागी नेऊन ठेवायची. ती मांडणी सुशीलाची, नेत्राच्या आईची. सुशीला जाऊन दोन वर्षं झाली, पण त्या स्वयंपाकघरातला चमचासुद्धा हलला नव्हता.

खाऱ्या पाण्याची टाकीही सुशीलाचीच. ती कारवारची लेक. हुबळीत समुद्र नाही म्हणून जीव गुदमरायचा तिचा, मग बाईनं समुद्रच घरात आणला. आतला एकेक दगड तिनं स्वतः रचला होता. नवा मासा मात्र सुधींद्रनं आणला, शालिनीला आवडला म्हणून. त्यातच सगळं आलं.

दाजीबानपेठेतल्या मासेवाल्या प्रभंजननं पिशवी हातात देताना बजावलं होतं, "अण्णा, आधी दगड हलवा. सगळे. जुन्याला आपली जागा ओळखू येता कामा नये. दोघंही नवे झाले की मग भांडण नाही." घरी येऊन सुधींद्रनं बाह्या सरसावल्या, तर नेत्रा टाकीपुढं आडवी उभी. "आईच्या दगडांना हात लावायचा नाही, अप्पा." सुधींद्रनं बाह्या पुन्हा खाली केल्या. भला माणूस, पण नेहमी अशीच माघार घ्यायचा. मासा तसाच सोडला.

संध्याकाळी शेजारच्या अंबूताई कोथिंबीर मागायला आल्या. टाकीत डोकावून म्हणाल्या, "एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील गं?" त्या माशांबद्दलच बोलत होत्या. शालिनीला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुधींद्र तारिहाळला कारखान्यावर गेला. शालिनी भाजी घेऊन परतली तेव्हा टळटळीत दुपार होती. बाहेरचं दार उघडं, आणि घरात कुणी दिसेना. टाकीवर जुनी पांढरी चादर टाकलेली होती. गेलेल्या माणसावर घालतात तशी, काठापासून काठापर्यंत. भाजीची पिशवी शालिनीनं तिथंच खाली ठेवली. संपला बिचारा, तिच्या मनात आलं. चादर उचलायचा धीर काही झाला नाही.

स्वयंपाकघराला आतून कडी होती. आत डबे आदळत होते. काहीतरी जड फरशीवरून ओढलं गेलं. मग बरणी फुटल्याचा आवाज आला.

"नेत्रा?"

आवाज थांबला. "इतक्यात आत यायचं नाही."

शालिनी काय समजायचं ते समजली. आईचं सगळं उचलून ठेवतेय पोरगी, आपला हात लागू नये म्हणून. राग यायला हवा होता, पण तिला भीती वाटली. आपण ह्या घरात कायम कोपऱ्यातच राहणार, आणि रोज थोडं थोडं कुरतडले जाणार. तिनं झोपायच्या खोलीत जाऊन पलंगाखालची ट्रंक ओढली. साड्या घडी न घालताच कोंबल्या. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून भावाला फोन करायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं अळणावर गाठायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं.

स्वयंपाकघराची कडी वाजली. नेत्रा दारात उभी होती. केसांत पीठ, बोटाला चिंधी.

"या," ती म्हणाली.

आत शेगडी खिडकीखाली गेली होती. भांड्यांची मांडणी दुसऱ्याच भिंतीला लागली होती. सारखे दिसणारे स्टीलचे डबे, पण एकही पहिल्या जागी नव्हता. इतक्या दिवसांत शालिनीला कसेबसे दोन डबे पाठ झाले होते, तेही गेले.

"मी जाते गं," ती म्हणाली. "मला भांडायचं नाही."

नेत्रानं चहाचं आधण ठेवलं. सवयीनं तिचा हात जुन्या कोनाड्याकडे गेला आणि रिकामा परत आला. मग ती एकेक झाकण उघडू लागली. पोहे. मेथ्या. रवा. तिचे डोळे भरले होते, पण हात थांबत नव्हते.

"दगड सकाळीच हलवले मी," ती डब्यांकडे बघतच म्हणाली. "सगळे. अंधारात जरा शांत राहतात, म्हणून वर चादर टाकलीय. नवा जिवंत आहे. जुना नुसता भिरभिरतोय, चावायचं विसरलाय."

शालिनी उंबऱ्यावरच थबकली. नेत्रानं आणखी एक डबा उघडला, वास घेतला, झाकला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं.

"अक्का, साखर मलाही सापडत नाहीये. तुम्ही त्या बाजूनं बघा, मी ह्या बाजूनं बघते."