होकार फोनवर येतो

“पिठाच्या हातांनी पुन्हा फोन उचललास?” बेरिलने विचारलं.

क्रेगने फोन ॲप्रनला पुसला. चाळिशी उलटलेला बाप्या, पण हिवाळाभर त्यांच्या तळलेल्या माशांच्या दुकानात त्याचं हेच चाललं होतं. माशाला पीठ लावता लावता थांबायचं, फोन बघायचा, तोंड पाडायचं, पुन्हा पीठ लावायचं. गिऱ्हाइकाने व्हिनेगर मागितलं की मीठ पुढे करायचं. एकदा तर हॅडक माशाचे तुकडे कढईत विसरला आणि चरबीचा धूर थेट रस्त्यापर्यंत गेला. कशापायी, तर साहेबांनी कादंबरी लिहिली होती आणि ती लंडनच्या एजंटांकडे पाठवली होती. एजंटाला आवडली तर तो प्रकाशक गाठणार. नाही आवडली तर कळवेल, न कळवेल, त्याची मर्जी.

बेरिल शाळा अर्धवट सोडून ग्रिम्सबीच्या बंदरावर मासे कापायला लागली होती. दलाल तिने जन्मभर पाहिले होते. “आमचे दलाल माशाचा कल्ला उघडून बघायचे आणि तिथल्या तिथे भाव बोलायचे,” ती म्हणाली. “तुझ्या दलालांसारखे बघत बसले असते, तर मासाच कंटाळून समुद्रात परत गेला असता.”

“आई, एका बाईने अख्खं पुस्तक मागवून घेतलंय. म्हणजे सुरुवात आवडली तिला. नकार लिहून येतो. होकार असला की फोन येतो.”

“आला तर मी घेईन. ठेव तो इथे, आणि मागे जाऊन बटाटे सोल. दुकान उघडायची वेळ झाली.”

त्याने फोन गल्ल्याजवळ ठेवला. मागच्या अंगणात बटाटे सोलायचं यंत्र घरघरायला लागलं. त्या आवाजात शेजारी तोफ उडाली असती तरी कळलं नसतं.

फोन वाजला. बेरिलने हात पुसले आणि उचलला.

“क्रेग ब्लँचर्ड आहेत का? मी लंडनहून फिलिपा बोलतेय.”

“कामात आहे. काय विकताय?”

बाई हसली. “विकायचंच आहे, पण त्यांचं पुस्तक. काल वाचून संपवलं. आमच्या ऑफिसात सगळे रडले हो. तुम्ही त्यांच्या मावशी ना? त्यांनी लिहिलं होतं, आई गेल्यापासून दुकान मावशी सांभाळते म्हणून.”

बेरिलने गल्ल्याची कड धरली.

तिला बहीण नव्हती.

“ऐकू येतंय ना?” बाई म्हणाली. “हे सगळं त्यांच्यावर गुदरलंय, म्हणून तर ते इतकं भिडतं. आईच्या उशाशी बसलेला मुलगा, तिचा तो कॅन्सर. प्रकाशकांना मी पहिलं हेच सांगणार आहे, की ही मनाने रचलेली गोष्ट नाही.”

जन्मात बेरिलला कोणी गप्प केलं नव्हतं. नवऱ्याने नाही, आरोग्य खात्याच्या साहेबाने नाही. आणि आता पोटच्या पोराने तिला चार लोकांत पुरून ठेवलं होतं, वर तिच्या जागी मावशी बसवली होती. बाई, मी त्याची आई, आणि मला साधी सर्दीही झालेली नाही, एवढंच बोलायचं होतं. एवढं बोललं की पुस्तक तिथेच संपलं असतं.

“एक विचारू का?” बाईचा आवाज खाली आला. “शेवटी आई त्याचा हात धरते आणि म्हणते, ‘पोरा, नाव काढलंस माझं.’ खरंच म्हणाल्या होत्या त्या?”

बेरिलच्या गल्लीत कौतुक तोंडावर करायची रीतच नव्हती. ते माणूस पुरून आल्यावर करायचं, चहा आणि हॅमची सँडविचं पुढ्यात घेऊन, जो ऐकू शकत नाही त्याचं. तिच्या आईने तिचं कधी तोंडावर केलं नव्हतं. तिनेही क्रेगचं केलं नव्हतं.

मागचं यंत्र थांबलं.

“हो,” बेरिल म्हणाली. “म्हणाली होती ती. मी होते तिथे.”

तिने फोन बंद केला तेवढ्यात क्रेग बटाट्यांची बादली घेऊन आत आला. आईच्या हातातला फोन पाहून त्याने बादली खाली ठेवली.

“लंडनच्या बाईचा होता,” बेरिल म्हणाली. “पुस्तक पसंत आहे. तुझ्या मावशीशी बोलली ती.”

“आई, पुस्तकासोबत स्वतःबद्दल दोन ओळी पाठवाव्या लागतात. लोक तिथे काय काय लिहितात. मी काय लिहिणार होतो? मासे तळतो?”

“म्हणून मला मारलंस.”

“पुस्तकात आधीच मारलं होतं.” तो बटाट्यांच्या पोत्यावर बसला. “तू... काही बोललीस का तिला?”

“शेवटचं वाक्य खरं का, असं विचारत होती.”

“मग?”

“खरं आहे म्हटलं.”

क्रेगने मान वर केली. मग ओल्या मनगटाने त्याने डोळे पुसले. “मी तिला फोन करतो,” तो म्हणाला. “खरं काय ते सांगतो. पुस्तक गेलं तर गेलं.”

“सांग नाहीतर नको सांगूस, ते तुझं तू बघ,” बेरिल म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला. “पण उतावळा आहेस तू, क्रेग. ते वाक्य मी मरताना म्हणणारच होते. तुला तेवढा दम निघाला नाही.”