मागांच्या घरातली डबी

डबीपुढे वाकून अकरावीतली सुजया रोजच्यासारखी ओरडली, "मी मजेत आहे!" हिरवा दिवा लागला आणि चेहऱ्यावरच्या मुरमांची गोळी टपकन तिच्या हातावर पडली. या गोळीने मन खचतं का, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नव्हतं. म्हणून पेशंटच्या आवाजावरून त्याचं मन पारखून मगच गोळी देणारी डबी सोबत मिळायची.

तिचे वडील, नेमिनाथ, पलीकडे कापडाच्या मागावर तुटलेला धागा जोडत होते. लेकीचा चेहरा महिनाभरात लख्ख झाला होता, पण ती हल्ली आरशाकडे फिरकत नव्हती. डबी तर रोज हिरवा दिवा दाखवते, मग पोरीचं बिनसलंय कुठं? आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चार मागांच्या खडखडाटात या घरात सगळेच ओरडून बोलतात. डबीला तो आनंदच वाटत असणार!

त्यांनी भरदिवसा चारही माग बंद केले. घर इतकं गप्प झालं की सुजया दचकली.

"काय झालं, बाबा? लाईट गेली?"

"नाही गं. गोळी राहू दे हातातच. आता सांग, कशी आहेस?"

"मजेत," ती म्हणाली. आवाज जेमतेम ओठांबाहेर आला. डबीवर तांबडा दिवा लागला.

नेमिनाथांनी तिकडं पाहिलंही नाही. तेलकट हात सदऱ्याला पुसून ते तिच्याशेजारी बसले.

"डॉक्टरीणबाईंकडे जाऊ आपण. पण आधी मला सांग. ओरडू नको, हळू बोललीस तरी चालेल. आज मला ऐकू येतंय."