भोंग्याचं अर्धं कर्ज

"अर्धं कर्ज तिनं उचलावं, मंग खुशाल जावं," नरसिंग म्हणाला आणि पंचांकडं पाहून हसला.

कुरुंद्याला लिंबाखाली बैठक बसली होती. नरसिंगच्या बायकोला, सोजराला, काडीमोड हवी होती. का हवी, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नरसिंग लग्नाकार्यात भोंगा वाजवायचा. बायकोला घरी एकटी ठेवायला जीव होईना, म्हणून प्रत्येक लग्नात तिला मशीनशेजारी बसवायचा आणि रेकॉर्ड बदलता बदलता ती कुणाकडं बघते ते बघायचा. एकदा कासारानं तिला बांगड्या भरल्या, तर यानं घरी आल्यावर त्या दगडानं फोडल्या. मनगट मध्ये आलं, ते आलंच.

कर्ज त्या भोंग्याचंच. वसमतच्या एका शेठकडून दोन हजार घेतलेले.

पंचांतला थोरला कोंडीबा म्हणाला, "संसारात काढलेलं कर्ज दोघांचं. निम्मं त्याचं, निम्मं तुझं. पोरी, तुझे हजार रुपये आन, लगेच काडी मोडू. नरसिंग, कबूल?"

"कबूल!" नरसिंगला हसू आवरेना. हळद शिजवायला रोजानं जाणारी बाई हजार रुपये आणणार कुठून? म्हातारी होईल, पण घर सोडून जाणार नाही.

"मला बी कबूल," सोजरा म्हणाली. "माझ्या वाट्याचं देनारा मानूस हाये."

नरसिंगचं हसू तोंडातच राहिलं.

"कोन? कोन हाये त्यो?"

"पैसे द्याया येईल तवा दिसंल की."

तो तिच्या अंगावर धावला. कोंडीबानं त्याला दंड धरून खाली बसवलं. अशा वेळची रीत ठरलेली होती. बाईचं देणं दुसऱ्या बाप्यानं उचललं, तर त्यानं भर पंचांत पहिल्या नवऱ्याच्या हातावर पैसे मोजायचे. पहिल्या नवऱ्यानं ते घ्यायचे आणि आपल्या हातानं त्याला पानाचा विडा द्यायचा. मग तो तिच्याशी पाट लावून, म्हणजे दुसरं लग्न करून, तिला नेणार. बाजारच्या दिवशी पुन्हा बसायचं ठरलं. तोवर सोजरा गावातच जनकाबाई मावशीकडं राहायला गेली.

इकडं नरसिंगला अन्न गोड लागेना. गावातला एकेक बाप्या त्यानं मनातल्या मनात तपासला. शिंपी? छे, त्याला दमा. हळदीचा ट्रक चालवणारा उत्तमसिंग? मिशीला तेल लावतो मेला! नरसिंग त्या ट्रकमागं धाप लागेस्तोवर सायकल हाणत वारंगा फाट्याला गेला. उत्तमसिंगनं त्याला चहा पाजला, वर सायकल ट्रकमध्ये टाकून घरी आणून सोडलं. एवढं गोड काहून बोलून राहिला? हाच असणार! दुसऱ्या दिवशी पोस्टमन नवं धोतर नेसलेला दिसला, आणि उत्तमसिंग सुटला.

शेवटी त्यानं सोजराला आडावर गाठलं. ती घागर भरत गुणगुणत होती. याच्या घरात तिच्या तोंडून कधी गाणं ऐकू आलं नव्हतं. ते ऐकून त्याची नुसती आग आग झाली.

"नाव सांग. निस्तं नाव."

"नाव कशाला पायजे?"

"माझ्यापरीस काय जास्ती हाये त्याच्यात?"

सोजरानं चुंबळ डोक्यावर ठेवली. "कधी माझ्यावर हात उचलला न्हाई त्यानं. कुठं गेल्ती, कोनाशी बोलत व्हती, इचारत न्हाई."

घागर उचलून ती निघून गेली. नरसिंग तिथंच आडाच्या कडेला बसून राहिला. पुरुषासारखा पुरुष, त्याला रडू फुटलं.

रामजी म्हणजे त्याचा बालमित्र. तो समजूत घालायला आला. "अरे, हजार रुपये फिटून राहिले. घे अन् मोकळा हो."

"साऱ्या गावासमोर त्याच्या म्होरं हात पसरू? वरून पान दिऊ त्याला?"

"मंग नको घेऊ," रामजी वैतागून म्हणाला.

बाजारच्या दिवशी लिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. हजार रुपये मोजणारा गडी कोण, ते बघायला लोक बाजार सोडून आले होते. मध्ये ताटलीत विडा ठेवलेला. सोजरा मावशीशेजारी खाली मान घालून बसली होती.

"कुठं हाये तुझा मानूस?" कोंडीबानं विचारलं.

"येईलच आता."

रस्त्यावर पांढऱ्या फेट्याचा एक सायकलवाला दिसला. चांगला उंचापुरा. तो जवळ जवळ येत होता. लोक माना वळवायला लागले. नरसिंगचे कान तापले. तो उठला आणि त्यानं विड्याच्या ताटलीला लाथ मारली.

"न्हाई पायजे! कोन्या सोद्याचा पैसा मला नको! सारं कर्ज माझं. ऐका समदे, तिच्या वाट्याचं बी मीच फेडीन. पन त्याचं तोंड मला बघायचं न्हाई!"

"इचार करून बोल," कोंडीबा म्हणाला. "पंचांत दिलेला शब्द माघारी घेता येत न्हाई."

"घेतो कोन? मोडा काडी!"

कोंडीबानं काडी दोघांच्या मध्ये धरली आणि मोडली. तिच्यावर एक पैसाही नाही, असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. सायकलवाला बाजाराकडं निघून गेला.

सोजरानं आपलं गाठोडं काखेत घेतलं. नरसिंगला राहवलं नाही. तो तिच्या वाटेत आडवा झाला.

"आता तरी सांग. कोन व्हता त्यो?"

"कोन असनार? इतकी वर्सं तुमीच रोज म्हनत व्हता, कोनीतरी हाये, कोनीतरी हाये. एकडाव मी व्हय म्हनले."