नमद्याचे अस्तर

उणे पन्नासच्या थंडीत सायबेरियातल्या याकुतियात कोणी ट्रकचे इंजिन बंद करत नाही. गोठलेल्या लेना नदीवर आयतालचा ट्रक उभा होता, पण मागून धूर निघत होता. तेव्हा आत तो उबेत झोपला असेल, असे समजून सगळे पुढे गेले. न्युर्गुनने दार उघडले, तेव्हा फुटलेल्या नळीतून केबिनमध्ये शिरलेल्या त्याच धुराने मित्राचा जीव घेतला होता. धुराला बाहेर पडायला वाटच नव्हती. आयतालच्या बायकोने, सार्गिलानाने, नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे जाड कापड, शिवून केबिनची जवळजवळ प्रत्येक फट बुजवली होती.

हे तिला सांगायला न्युर्गुनची जीभ रेटली नाही.

"इंजिन बंद पडलं, वहिनी. थंडीनं गेला," एवढेच तो म्हणाला. फुटलेल्या नळीचा विषय त्याने कोणापाशीच काढला नाही.

महिन्याभराने तो तिच्याकडे मासे घेऊन गेला. तोच ट्रक घेऊन मुलगा एर्खान पहिल्या खेपेला निघत होता. सार्गिलाना सुईदोरा घेऊन केबिनमधून उतरली.

"बघा ना काका," एर्खान म्हणाला, "आईचं चाललं तर मलाच नमद्यात शिवून टाकेल."

"हस मेल्या," ती म्हणाली. मग न्युर्गुनकडे वळून हलक्या आवाजात तिने सांगितले,


"भावजी, यांच्या वेळी माझ्याकडून पायांपाशी एक फट राहून गेली होती. आज तीही बुजवली."